कात्री कुणाच्या हाती?

अमेरिकेतील सिएटल शहराच्या परिसरात संगणक क्षेत्रात काम करणारी मराठी कुटुंबे थोडीथोडकी नाहीत. आपल्यापैकी अनेकांच्या घरचे कुणी ना कुणी तेथे असते. २३ सप्टेंबर २०२५ च्या रात्री त्या शहरात एक चमत्कारिक गोष्ट घडली. जिमी किमेल या विनोदवीराचा कार्यक्रम सहा दिवसांच्या बंदीनंतर एबीसी वाहिनीवर परत आला. देशभर लक्षावधी लोक तो पाहत होते. सिएटलमध्ये मात्र एबीसीच्या क्रमांकावर बातम्या चालू होत्या. राजधानी वॉशिंग्टनमध्येही तेच. वाहिनीने कार्यक्रम पाठवला होता, परंतु स्थानिक दूरचित्रवाणी स्थानकाने तो अडवला होता. सिंक्लेअर आणि नेक्सस्टार या दोन कंपन्यांच्या मालकीच्या साठाहून अधिक स्थानकांनी असेच केले. देशातील सुमारे २३ टक्के घरांत तो कार्यक्रम नेहमीच्या मार्गाने पोहोचला नाही. तरीही त्या रात्री तो पाहणाऱ्यांची संख्या ६२ लाखांवर गेली.

जगाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे धडे देणाऱ्या देशात हे घडले, म्हणून आपल्याकडील काहींना गुदगुल्या झाल्या आणि काहींना गहिवर आला. आम्हाला या दोन्हींत रस नाही. या प्रकरणात एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे व तो आपल्या दिवाणखान्यापर्यंत येऊन पोहोचणारा आहे. घरात काय यावे आणि काय येऊ नये, हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा? कुटुंबाचा, समाजाचा, धंदेवाल्याचा की सरकारचा?

प्रकरणाची पार्श्वभूमी दुःखद आहे. १० सप्टेंबर २०२५ रोजी युटा राज्यातील एका विद्यापीठाच्या प्रांगणात चार्ली कर्क या एकतीस वर्षांच्या तरुण नेत्याची गोळी घालून हत्या झाली. विद्यार्थ्यांशी उघड्या मैदानात वाद घालणे ही त्याची ओळख होती, आणि असा वाद चालू असतानाच त्याला मारण्यात आले. विचारांचे उत्तर गोळीने देणारी ही विकृती आहे. आपल्या देशात केरळपासून बंगालपर्यंत वैचारिक विरोधाची किंमत प्राणांनी चुकवलेले कार्यकर्ते आपण पाहिले आहेत. त्यामुळे कर्कच्या तरुण पत्नीचे आणि दोन लहानग्या मुलांचे दुःख आपल्याला परके वाटू नये. अशा वेळी, हत्येला आठवडाही झाला नसताना, किमेल याने मारेकऱ्याच्या राजकीय ओळखीवरून कर्कच्या समर्थकांना टोमणा मारला. चितेची राख निवण्यापूर्वी केलेला विनोद हा विनोद नव्हे, ती असभ्यता असते. कोट्यवधी अमेरिकन नागरिकांना तो टोमणा बोचला असेल, तर त्यांना असहिष्णु म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही.

येथवर वादाचे कारण नाही. वाद सुरू होतो तो पुढे. १७ सप्टेंबर रोजी अमेरिकेच्या संघीय दूरसंचार आयोगाचे अध्यक्ष ब्रेंडन कार यांनी एका मुलाखतीत जाहीरपणे सुचवले की, कंपन्यांनी हे प्रकरण सोप्या मार्गाने मिटवावे, अन्यथा कठीण मार्ग उपलब्ध आहे. त्यानंतर काही तासांतच नेक्सस्टारने आपल्या स्थानकांवरून हा कार्यक्रम काढल्याचे घोषित केले, सिंक्लेअरनेही तोच मार्ग धरला आणि एबीसीने कार्यक्रम बेमुदत थांबवला. नेक्सस्टारने नुकताच, ऑगस्ट महिन्यात, टेग्ना ही दुसरी स्थानक-कंपनी ६२० कोटी डॉलरना विकत घेण्याचा करार जाहीर केला होता. त्या व्यवहाराला मंजुरी हवी होती ती याच आयोगाची. इतकेच नव्हे, एका कंपनीची स्थानके देशातील ३९ टक्क्यांहून अधिक घरांपर्यंत पोहोचू नयेत, ही मर्यादाही आड येत होती व तीही आयोगाच्याच मर्जीने शिथिल होणार होती. आपल्या निर्णयाचा त्या व्यवहाराशी संबंध नाही असे कंपनीचे म्हणणे होते. तिच्या मनात काय होते, ते तिलाच ठाऊक. परंतु ज्याच्या दारात आपली फाईल अडकली आहे त्याने डोळे वटारावेत आणि आपण तत्काळ नीतिमान व्हावे, हा योगायोग सरकारी कचेरीचे उंबरे झिजवलेल्या कोणत्याही मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

हे प्रकरण नीट कळण्यासाठी तेथील व्यवस्था समजून घेतली पाहिजे. आपल्याकडे वाहिनी मुंबई-दिल्लीहून निघते आणि उपग्रहाद्वारे थेट घराघरांत पोहोचते. मधला केबलवाला कार्यक्रम बदलत नाही. अमेरिकेत तसे नाही. एबीसी, सीबीएस, एनबीसी ही मोठी जाळी कार्यक्रम बनवतात व पुरवतात, परंतु प्रक्षेपणाचा परवाना असतो तो गावोगावच्या स्थानकांकडे. बहुतेक स्थानके स्वतंत्र मालकीची असतात आणि जाळ्यांशी केवळ कराराने बांधलेली असतात. १९३४ च्या संपर्क कायद्याने ही जबाबदारी परवानाधारकावर टाकली. १९४१ मध्ये आयोगाने रेडिओच्या जाळ्यांसाठी नियम केले, १९४३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले व पुढे ते दूरचित्रवाणीलाही लागू झाले. त्यांतील एक महत्त्वाचा नियम असा, की जाळ्याकडून आलेला कार्यक्रम आपल्या भागासाठी अयोग्य वाटल्यास तो नाकारण्याचा अधिकार स्थानकाला राहील आणि कोणताही करार तो हिरावून घेऊ शकणार नाही. त्याच १९३४ च्या कायद्यात आयोगाला मात्र सेन्सॉरशिप करण्यास स्पष्ट मनाई आहे. म्हणजे नकाराचा अधिकार गावाला, सरकारला नाही.

हा विचार मुळात उत्तम आहे, हे आम्ही निःसंकोच म्हणतो. न्यूयॉर्क आणि हॉलिवूडमध्ये बसलेल्या मूठभर मंडळींची अभिरुची संपूर्ण देशावर लादली जाऊ नये, प्रत्येक प्रदेशाच्या श्रद्धा, चालीरीती आणि कुटुंबव्यवस्था यांना मान असावा, ही त्यामागची दृष्टी आहे. आपल्याकडे मुंबईच्या स्टुडिओत शिजलेली अभिरुची जेव्हा पैठण-पंढरपूरच्या घरांत ओतली जाते आणि कुणी तक्रार केली की त्याला प्रतिगामी ठरवले जाते, तेव्हा असा काही बांध आपल्याकडेही असावा असे वाटल्यावाचून राहत नाही.

या अधिकाराचा तेथील इतिहास मोठा बोलका आहे, आणि बहुतेक वेळा खटका उडाला तो विनोदी कार्यक्रमांवरूनच. नोव्हेंबर १९७२ मध्ये सीबीएसच्या ‘मॉड’ या विनोदी मालिकेत मध्यमवयीन नायिका गर्भपाताचा निर्णय घेते, असे दोन भाग दाखवले गेले. इलिनॉय राज्यातील शॅम्पेन आणि पिओरिया येथील स्थानकांनी ते दाखवण्यास नकार दिला. पुढच्या ऑगस्टमध्ये त्यांचे पुनःप्रक्षेपण झाले, तेव्हा नकार देणाऱ्या स्थानकांची संख्या पुष्कळ वाढली आणि जाहिरातदारही मागे फिरले. एप्रिल १९९७ मध्ये ‘एलेन’ या मालिकेतील नायिका आपण समलिंगी असल्याचे जाहीर करते तो भाग अलाबामातील बर्मिंगहॅमच्या स्थानकाने नाकारला. तेव्हा ज्यांना तो पाहायचा होता त्यांनी सभागृह घेऊन उपग्रहाच्या साहाय्याने तो एकत्र पाहिला. सॉल्ट लेक सिटीचे केएसएल हे स्थानक तर मॉर्मन चर्चच्या मालकीच्या कंपनीचे आहे. त्याने २०१२ मध्ये एनबीसीची ‘द न्यू नॉर्मल’ ही विनोदी मालिका नाकारली आणि त्याच शहरातील दुसऱ्या स्थानकाने ती दाखवली. या प्रत्येक प्रसंगी स्थानकाने आपला निर्णय उघडपणे सांगितला, टीका सोसली, उत्पन्नावर पाणी सोडण्याची तयारी ठेवली आणि ज्याला पाहायचे त्याला दुसरा रस्ता मोकळा राहिला. कुणाला तो निर्णय पटो वा न पटो, त्यात दंडुका नव्हता.

याच इतिहासाची दुसरी बाजूही आहे. १९६७ मध्ये सीबीएसवर टॉम आणि डिक या स्मदर्स बंधूंचा विनोदी कार्यक्रम सुरू झाला. व्हिएतनामचे युद्ध पेटले होते आणि हे दोघे भाऊ गोड चेहऱ्याने सत्ताधाऱ्यांना चिमटे काढत. पीट सीगर या गायकाचे युद्धविरोधी गाणे आधी कापले गेले व लोकांच्या नाराजीनंतर काही महिन्यांनी दाखवले गेले. पुढे बायबलमधील कथांवर केलेल्या विडंबनाने अनेक श्रद्धावंतांची मने दुखावली आणि स्थानकांकडे पत्रांचा पाऊस पडला. तेव्हा प्रत्येक भागाची फीत काही दिवस आधी द्यावी आणि स्थानकांनी ती तपासावी, अशी सक्ती झाली. अखेर एप्रिल १९६९ मध्ये फीत वेळेवर मिळाली नाही या कारणाने कार्यक्रमच बंद केला गेला. त्याच वर्षी त्याला लेखनाचे एमी पारितोषिक मिळाले, आणि १९७३ मध्ये दोघा भावांनी सीबीएसविरुद्धचा दावा जिंकला. श्रद्धेचा अवमान आणि सरकारवरची टीका या दोन भिन्न गोष्टी आहेत. पण एकदा कात्री हातात आली की ती पहिलीच्या नावाने उचलली जाते आणि दुसरीवर चालवली जाते. या कथेचा बोध हाच आहे.

सरकारने प्रत्यक्ष कात्री न चालवता नुसता इशारा करावा व कंपन्यांनी ‘स्वेच्छेने’ मान डोलवावी, हा प्रकारही तेथे नवा नाही. १९७५ मध्ये आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष रिचर्ड वायली यांच्या आग्रहावरून जाळ्यांनी संध्याकाळची पहिली वेळ कुटुंबासाठी राखून ठेवण्याचे मान्य केले. हेतू चांगला होता. लहान मुलांसमोर काय यावे याची काळजी कोणत्या पालकाला नसते? परंतु लेखकांची संघटना आणि निर्माते नॉर्मन लिअर न्यायालयात गेले, आणि १९७६ मध्ये न्यायाधीश वॉरेन फर्ग्युसन यांनी निकाल दिला की चांगल्या हेतूसाठीही सरकारी अधिकाऱ्याने पडद्याआडून दडपण आणणे घटनाविरोधी आहे. १९७९ मध्ये वरच्या न्यायालयाने अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर तो निकाल बाजूला ठेवला, तरी त्यातील प्रश्न बाजूला पडला नाही. मे २०२४ मध्ये तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर निराळ्या वेषात आला. न्यूयॉर्कच्या एका अधिकारी महिलेने विमा कंपन्यांवर दडपण आणून आपल्याला वाळीत टाकायला लावले, अशी राष्ट्रीय रायफल संघटनेची तक्रार होती. ही संघटना उजव्या विचारांची आणि अधिकारी डाव्या राजवटीतील. न्यायालयाच्या नऊही न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की, न आवडणारे विचार दडपण्यासाठी सरकारी अधिकाऱ्याला खासगी कंपन्यांचा हात पिरगळता येणार नाही. विशेष म्हणजे संघटनेची बाजू मांडली ती तिच्या विचारांशी हाडवैर असलेल्या नागरी स्वातंत्र्य संघाच्या वकिलांनी. विरोधकाच्या अधिकारासाठी उभे राहण्याची ही दानत आपल्याकडील अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या ठेकेदारांनी जरा अभ्यासावी.

कारण दुटप्पीपणा तेथेही आहे आणि येथेही. २०१८ च्या मे महिन्यात ‘रोझॅन’ या मालिकेच्या नायिकेने एक वर्णद्वेषी मजकूर लिहिला, तेव्हा याच एबीसीने काही तासांत मालिका बंद केली. तो मजकूर निंद्यच होता. शिवाय तो निर्णय कंपनीचा होता, त्यामागे सरकारी धमकी नव्हती, हा फरकही मान्य केला पाहिजे. तथापि ‘शब्दांचे परिणाम भोगावेच लागतात’ असे तेव्हा सांगणारे अनेक जण २०२५ मध्ये ‘शब्दांना शिक्षा नको’ म्हणून रस्त्यावर आले. उलट, वर्षानुवर्षे ‘आमची मुस्कटदाबी होते’ म्हणणाऱ्यांपैकी अनेकांनी यावेळी टाळ्या पिटल्या. सन्माननीय अपवाद होते. टेक्सासचे सिनेटर टेड क्रुझ हे कर्कचे स्नेही आणि किमेलचे कडवे टीकाकार. त्यांनी आपल्याच पक्षाच्या राजवटीतील अध्यक्ष कार यांच्या भाषेला गुंडाची भाषा म्हटले, आणि आज उपसलेले हे हत्यार उद्या सत्ता बदलल्यावर आपल्यावरच चालेल, असा इशारा दिला. आम्हाला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत शहाणा आवाज हाच वाटतो.

हा आवाज आम्हाला ओळखीचा का वाटतो, हे या पानांच्या जुन्या वाचकांना सांगायला नको. २५ जून १९७५ च्या रात्री देशावर आणीबाणी लादली गेली. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत सरकारी अधिकारी येऊन बसले. ‘मदरलँड’चे संपादक के. आर. मलकानी यांना त्याच रात्री उचलले गेले. हजारो कार्यकर्ते एकोणीस महिने तुरुंगात राहिले, त्यांच्या घरच्या माउलींनी संसार कसे ओढले हे त्या घरांनाच ठाऊक. त्या काळात हुकूमशाहीने सर्वांत आधी धसका घेतला तो हसण्याचा. शंकर पिल्लई यांचे ‘शंकर्स वीकली’ हे व्यंगचित्रांचे साप्ताहिक ऑगस्ट १९७५ मध्ये बंद झाले, आणि निरोपाच्या लेखात त्यांनी लिहिले की हुकूमशाहीला हसू परवडत नाही. अमृत नाहटा यांच्या ‘किस्सा कुर्सी का’ या राजकीय विडंबनपटाच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या गेल्या. सरकारी कार्यक्रमाला नकार दिला म्हणून किशोरकुमार यांचा आवाज आकाशवाणी व दूरदर्शनवरून गायब झाला. महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, त्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत निर्भयपणे बोलल्या, आणि १९७७ च्या निवडणुकीत साऱ्या महाराष्ट्राला हसवणारे पु. ल. देशपांडे सभांतून लोकशाहीसाठी गंभीर झाले. हे दोघेही आपल्या विचारांचे नव्हते. तरीही त्या काळोखात त्यांचा आवाज आपल्यालाही आधाराचा वाटला होता.

त्याहूनही मागे जावे. १८७६ मध्ये इंग्रज सरकारने नाट्यप्रयोग नियंत्रणाचा कायदा केला, त्याचे निमित्त होते कलकत्त्यातील एक प्रहसन. युवराजाच्या स्वागतात लोटांगण घालणाऱ्या एका बड्या आसामीची त्यात खिल्ली उडवली होती. राज्याला तलवारीची भीती वाटली नाही, प्रहसनाची वाटली! हाच बडगा पुढे खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’सारख्या नाटकांवर उगारला गेला. प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसू लागला होता, म्हणून १९१० मध्ये त्या नाटकावर बंदी आली. देश स्वतंत्र झाल्यावरही तो १८७६ चा कायदा कित्येक दशके आपल्या कायदेपुस्तकात पडून होता, आणि २०१७ मध्ये केंद्र सरकारने कालबाह्य कायद्यांची साफसफाई केली तेव्हा तो रद्द झाला.

मग आपण काय घ्यावे? काहीही दाखवा, कशाचीही थट्टा करा, हा निष्कर्ष आम्ही काढत नाही. ज्या परंपरेत विदूषकाला राजासमोर बोलण्याची मुभा होती, ज्या परंपरेत नाथांनी भारुडातून भोंदूगिरीची टर उडवली आणि तमाशातल्या सोंगाड्याने पाटलालाही सोडले नाही, ती परंपरा हास्यविरोधी कशी असेल? परंतु त्या हास्याला मर्यादेचे भान होते. ते बोलणारा समाजातलाच होता आणि समाजाच्या डोळ्याला डोळा देऊन बोलत होता. आजचा बराचसा विनोद शिवीवर, शरीरावर आणि दुसऱ्याच्या देवावर जगतो. त्याला नकार देण्याचा समाजाला पूर्ण अधिकार आहे. प्रश्न आहे तो नकाराच्या रीतीचा.

स्थानकाने, वाहिनीने किंवा केबलचालकाने कार्यक्रम रोखला, तर आपण तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, निर्णय उघडपणे आणि स्वतःच्या नावावर घेतला आहे काय? दुसरी, त्यामागे स्वतःच्या प्रेक्षकांविषयीचे कर्तव्य आहे की अधिकाऱ्याच्या टेबलावरची फाईल? तिसरी, ज्याला पाहायचे आहे त्याला अन्य मार्ग मोकळा आहे काय? या तिन्ही कसोट्यांवर उतरलेला नकार म्हणजे संयम. न उतरलेला नकार म्हणजे सेन्सॉरशिप, मग तिच्या कपाळावर संस्कृतीचा टिळा असो वा पुरोगामित्वाचा. सॉल्ट लेक सिटीच्या स्थानकाने केले ते आम्हाला पहिल्या प्रकारात मोडणारे वाटते. सप्टेंबर २०२५ मध्ये जे घडले ते, किमेलचे बोलणे कितीही हीन असले तरी, दुसऱ्या प्रकाराकडे झुकणारे वाटते. आठ-नऊ दिवसांत, २६ सप्टेंबरला, दोन्ही कंपन्यांनी बहिष्कार मागे घेतला. ज्या तत्त्वासाठी तो पुकारला होता त्या तत्त्वाचे पुढे काय झाले, हे कुणी विचारले नाही. भीतीतून निघालेले तत्त्व वारा फिरला की फिरते.

आपल्याकडे १९९५ च्या केबल कायद्याने व त्याखालील कार्यक्रमसंहितेने शासनाला पुष्कळ अधिकार दिले आहेत. त्यामुळे एखादा कार्यक्रम खटकला की ‘सरकारने बंदी घालावी’ ही मागणी आपल्या ओठांवर सहज येते. कार्यकर्त्यांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे की, हा सोपा मार्ग शेवटचा ठेवावा. आज सरकार अनुकूल असेल, उद्या नसेल. जी चावी आज आपण सरकारच्या हाती देऊ तिने उद्या आपलेच दार बंद होईल, हे आणीबाणी सोसलेल्या पिढीने पुढच्या पिढीला सांगितलेच पाहिजे. त्याऐवजी वाहिनीला पत्र लिहावे, जाहिरातदाराला सभ्य भाषेत जाब विचारावा, आणि नाही पटले तर ते बटण दाबावे जे कोणत्याही आयोगापेक्षा सामर्थ्यवान आहे.

त्याहून महत्त्वाचे काम घरातले आहे. मुलगा मोबाइलवर काय पाहून हसतो आहे, हे कोणतेही स्थानक आणि कोणताही मंत्री ठरवू शकणार नाही. रात्रीच्या जेवणानंतर आजी-आजोबांसह सारे घर एकत्र बसत असेल, तेथे निर्मळ हास्य पिकत असेल, तर त्या मुलाला हिणकस आणि अस्सल यांतला फरक शिकवावा लागणार नाही. ज्या घरात एकत्र हसणे उरलेले नाही, त्या घराला बाहेरची कात्री वाचवू शकत नाही. आणि जो समाज स्वतःच्या बळावर ‘हे आम्हाला नको’ असे म्हणू शकतो, त्याला त्यासाठी कोणत्याही अधिकाऱ्याच्या धमकीची गरज पडत नाही.